बाईंच्या स्वयंपाकघरातली गिटार

बाई, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही साठीला टेकला होतात आणि मला तुम्ही फार म्हाताऱ्या वाटला होतात. आता मी नव्वदीकडे झुकलोय. मागच्या आठवड्यात सावेडीतल्या एका डॉक्टरकडे गेलो होतो, डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणून. तरुण पोरगा, आमच्या नातवाच्या वयाचा. माझी बोटं एकेक करून दाबत होता. मधेच थांबून म्हणाला, "आजोबा, ही टोकं इतकी निबर कशी? काय काम करायचात?" मी म्हणालो, "गिटार वाजवायचो." त्याने माझ्या टोपीकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं आणि हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "कुठे शिकलात?" "इथंच, नगरात. एका नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात." तेवढ्यात त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं आणि ते बोलणं तिथंच राहिलं. घरी आलो, जेवलो, आडवा झालो, पण तुमचं स्वयंपाकघर काही डोळ्यांपुढून हलेना. म्हणून आज लिहायला बसलोय. सातवी पास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

तुम्हाला माझं तोंड आधी भेटलं आणि मी नंतर. त्या तोंडाची हकिगत तुम्हाला अर्धीच ठाऊक होती, कारण दवाखान्यात माणूस रोग सांगतो, बाकीचं सांगत नाही. मी शेतकऱ्याचा मुलगा, पाथर्डीकडच्या कोरड्या गावातला. आमच्या घरात कुणी कधी टाळसुद्धा वाजवला नव्हता. लहानपणी गावात एका लग्नाला नगरचा बँड आला, त्यातलं क्लॅरोनेट मी ऐकलं, आणि मिसरूड फुटायच्या आत घर सोडून त्या बँडच्या दुकानात येऊन राहिलो. बँडच्या मास्तरांनी मला आधी झांजा दिल्या, मग ड्रम, मग क्लॅरोनेट. पंचविशीपर्यंत मी मास्तरांचा हुकमी माणूस झालो होतो. नवरदेवाच्या घोड्यापुढे मी चालायचो. बायका गच्चीवरून वाकून बघायच्या. हे आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा छाती फुगायची.

सत्तर साल संपत आलं होतं. तुळशीची लग्नं होऊन गेलेली, लगीनसराई सुरू झालेली. जामखेडकडचं एक लग्न वाजवून आम्ही सकाळी उघड्या ट्रकमधून परत येत होतो. कडाक्याची थंडी, आणि मी डाव्या कडेला बसलेलो, वारं थेट गालावर. माळीवाड्यात उतरून चहा घेतला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून सरळ शर्टावर. सगळे हसले. मीही हसायला गेलो, तर तोंड एकाच बाजूला गेलं. मास्तर माझ्यासमोर उभे होते. त्यांचं हसू आधी थांबलं. म्हणाले, "आरं, तोंडावरनं वारं गेलं तुज्या."

डॉक्टर म्हणाले, येईल परत, वेळ लागेल. पुष्कळसं आलंही. डोळा मिटू लागला, बोलणं सरळ झालं. पण ओठ आवळून फुंक धरायची म्हटली की डावीकडून हवा फुस्स करून निघून जायची. क्लॅरोनेटमधून बदकाचा आवाज यायचा. मास्तर चांगले माणूस. त्यांनी मला काढलं नाही, परत झांजा दिल्या. मी सगळ्यांच्या मागे, शेवटच्या ओळीत, ज्या जागेवरून सुरुवात केली होती त्याच जागेवर. पुढे माझ्या जागी एक नवा वाजवणारा. तो सुरात कुठं चुकतोय ते मला मागून कळायचं आणि मी झांज आपटायचो.

मिशनच्या दवाखान्यात तोंडाला विजेचा शेक द्यायचे. तुम्ही नोकरीतून निवृत्त झाला होतात, तरी सकाळी त्या शेकाच्या खोलीत मदतीला यायचात. पांढरी साडी, कानात बारीक सोन्याचे खडे, आणि औषधाचा वास. गालाला तार लावली की माझं तोंड आपोआप उडायचं, आणि मला ते आरशात बघवायचं नाही, म्हणून मी डोळे मिटून बसायचो. एका सकाळी तुमचा आवाज आला, "ही कुठल्या गाण्याची बोटं?"

मी डोळे उघडले. माझी बोटं माझ्याच मांडीवर चालली होती.

"सवय आहे, बाई. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो." मग म्हणालो, "वाजवायचो."

तुम्ही शेक बंद केलात, तार काढलीत, गाल पुसून दिलात. "तोंडाचं काय होईल हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही येणार नाही. पण बोटं ठणठणीत आहेत तुमची. रविवारी दुपारी घरी या."

"कशाला?"

"चहाला."

चर्चच्या मागच्या गल्लीतलं तुमचं पत्र्याचं घर मला आजही जसंच्या तसं दिसतं. बाहेरच्या खोलीत पायपेटी, तिच्यावर विणलेलं कापड. आत स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्यांच्या शेजारी, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी. अभ्रा काढलात तर लालभडक, चकचकीत वस्तू. खरं सांगू, मला आधी ती कुठल्यातरी मोटारीचा सुटा भाग वाटली. गिटार मी सिनेमात पाहिली होती, पण ती पोकळ लाकडाची. ही भरीव, चपटी, पोटात हवाच नाही. मी टिचकी मारून पाहिली आणि विचारलं, "आवाज कुठून येतो हिचा?" तुम्ही एका लाकडी खोक्याची कळ दाबलीत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून तो तुम्ही बनवून घेतला होता. आतले दिवे हळूहळू लाल झाले, गरम धुळीचा वास आला, खोका गुणगुणायला लागला. मग तुम्ही एक तार छेडलीत आणि ताटाळ्यातली ताटं थरथरली.

मी विचारलं, कुणाची आहे ही? मला वाटलं मुलाची असेल, भावाची असेल. तुम्ही म्हणालात, "माझी." मुंबईच्या काही तरुणांनी नाताळच्या कार्यक्रमात अशी गिटार वाजवलेली तुम्ही ऐकली होती, आणि निवृत्त झाल्यावर हाती पैसे आले तेव्हा सगळे म्हणत होते घराचे पत्रे बदला, तर तुम्ही एकट्या मुंबईला जाऊन ही घेऊन आलात. "मला वाटलं, हे आपल्याला करायचंय. एवढंच." चर्चमधले काही बुजुर्ग नाराज झाले. शेजारणींनी विचारलं, या वयात? तुम्ही पुस्तक आणून स्वतःच शिकत बसलात. पायपेटी येत होती, सूर कळत होते, पण बोटांचे सांधे धरू लागले होते. दोन-तीन तारांचे सूर एकदम धरता यायचे, चाल मात्र धावायची नाही. हे सगळं तुम्ही स्टोव्हला पंप मारता मारता सांगितलंत. मग म्हणालात, "बसा त्या स्टुलावर. आणि चपला घाला."

स्वयंपाकघरात चपला! माझ्या आईने मला चिमट्याने मारलं असतं. पण त्या खोक्याला नीट अर्थिंग नव्हतं, ओली फरशी आणि अनवाणी पाय असले की तारांना हात लावताच झटका बसायचा. घरातला भक्कम प्लग तेवढा स्वयंपाकघरातच. म्हणून तुमच्या घरात उलटा रिवाज. बाहेर चपला काढायच्या आणि चुलीपाशी येऊन तुमच्या रबरी सपाता घालायच्या. माझ्या टाचा मागून वीतभर बाहेर यायच्या.

बाई, चौतिशीतल्या माणसाला काही न येणं फार जड जातं. लहान पोराला येत नाही तेव्हा त्याला काही वाटत नाही, त्याला जगातलं काहीच येत नसतं. मला सूर कळत होता, ताल कळत होता, शेकडो चाली तोंडपाठ होत्या, आणि हात मात्र दगडाचे. क्लॅरोनेटच्या कळा बोटाला गार आणि मऊ लागायच्या. इथे तार बोटात रुतायची. तार छेडायला साबणाच्या डबीच्या झाकणातून कापलेली नखी तुम्ही मला दिली होतीत, ती बोटांतून निसटून पिठाच्या डब्यामागे जायची आणि आपण दोघं वाकून शोधायचो. तुम्ही डो-रे-मी म्हणायचात, मी सा-रे-ग म्हणायचो, आणि बरेच आठवडे आपण एकाच तारेवर वर-खाली चढउतार करत राहिलो. तुम्ही कंटाळला असाल. दाखवलं मात्र नाहीत कधी.

घरी बायको विड्या वळायची. दिवसभर सुपात पानं, तंबाखू, कात्री. मी पहिल्या दिवशी सगळं सांगितलं तर ती सूप बाजूला ठेवून बघतच राहिली. "तोंडाचं औशद आनाया गेल्तात, आन् ह्ये काय घिऊन आलात? आन् आवाज खोक्यातनं येतो म्हन्ता, तर मग त्या फळीला कशापायी धरायचं?" पण आठवड्याभराने माझ्या बोटांची टोकं सोलवटून लाल झाली तेव्हा तिनंच माझा हात ओढून घेतला. स्वतःची बोटं माझ्यापुढे धरली. कात्रीने आणि दोऱ्याने त्यांच्यावर कातडीची टोपी चढलेली होती. म्हणाली, "आमाला बी पयल्यांदा असंच हुतं. म्हैन्याभरात निबर व्हतंय. फोड फोडू नका." हेच तुम्ही मला दवाखान्याच्या भाषेत सांगितलं होतं. मी तुम्हाला ते सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, तिला एकदा घेऊन या. ती आली, तुमच्याशी दोन तास बोलली, गिटारीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

रागावलात तो दिवस सांगतो. चार-सहा महिने झाले असतील. तुम्ही दिलेला धडा सोडून मी परस्पर एका सिनेमाच्या गाण्याची चाल बसवली होती. तुम्ही बाहेर कुणाशी बोलत होतात. मला वाटलं, बाईंना चकित करू. खोक्याचा आवाज पुरता वाढवला आणि सुरू केलं. निम्मे सूर दांड्यावरच्या भलत्याच पडद्यावर पडत होते, पण आवाजच असा दणदणीत की मला वाटलं, चाललंय फक्कड. तुम्ही आत आलात, सरळ भिंतीपाशी गेलात आणि प्लग उपसून काढलात. खोक्यातले दिवे विझले. मी नुसत्या तारा टिंगटिंग करत बसलो.

"अरे, आवाज वाढवला की चूक लहान होते का? मोठीच होते. गल्लीत ऐकू गेली ती. आता अशीच वाजव, विजेशिवाय. मला इथून ऐकू आलं नाही तरी चालेल. तुला आलं पाहिजे."

त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा 'अरे' म्हणालात. तोवर अहो-जाहो चालू होतं. मी मान खाली घालून वाजवत होतो आणि आतून मला बरं वाटत होतं. दवाखान्यातला पेशंट संपला होता, तुमचा विद्यार्थी सुरू झाला होता.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. लग्नं थांबली, बँडचं दुकान आठवडेच्या आठवडे बंद. मास्तर म्हणाले, ज्यानं त्यानं आपलं बघा. बायकोच्या विड्यांवर घर चालेना. केडगावच्या पुढे रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं, तिथं खडी फोडायला जायचं ठरलं. रविवारी तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझ्या बोटांकडे पाहिलंत. मला वाटलं, नको जाऊ म्हणाल, आणि नको म्हणाला असतात तर मी चिडलो असतो. तुम्ही उठून ट्रंक उघडलीत आणि तळातून चामड्याचे जाड हातमोजे काढलेत. कुणा मिशनच्या मडमेने बागकामासाठी वापरलेले, जाताना तुम्हाला दिलेले. "रोज घालायचे. लोक हसतील. हसू देत."

लोक हसलेच. मुकादम म्हणाला, "हातमोजं घालून खडी फोडनारा पयलाच बगतोय मी. डागदर हाईस का काय?"

"गिटार वाजवतो."

"ते काय आसतंय?"

"तारांचं वाद्य."

"मग तारा वाजव की! हितं धोंडं कशाला वाजवतो?" आख्खी रांग हसली. मीही हसलो, तोंड थोडं वाकडं होत होतं तसं. पण बाई, त्या हसण्यात विखार नव्हता. सगळ्यांच्याच पोटात तीच रेशनची तांबडी मिलो ज्वारी होती. माझ्या शेजारी बसून खडी फोडणाऱ्या म्हातारीच्या हाताला फोड आले होते. दुसऱ्या दिवशी उजवा मोजा मी तिला दिला. धोंडा धरतो तो डावा हात, आणि तारा दाबतो तोही डावाच, तेव्हा मला डाव्याचंच काम होतं. त्या मोज्याने मग रांगेत बऱ्याच बायांचे हात फिरून पाहिले. डावा मात्र कुणी मागितला नाही. "त्यो वाजिवनाऱ्याचा हाय," असं ती म्हातारी सगळ्यांना बजावायची. तिने मला वाजवताना कधी ऐकलं नव्हतं.

त्या दुष्काळातलीच ती रविवारची दुपार. दूध नव्हतं, म्हणून तुम्ही गवती चहाचं नुसतं पाणी उकळून गूळ घातला होतात. ते गवत तुम्ही भांड्यांच्या पाण्यावर जगवलं होतं. हप्ताभर खडी फोडून माझे खांदे भरून आले होते. तुम्ही म्हणालात, आज दोघं मिळून वाजवू. आता पायपेटी बाहेरच्या खोलीत, आणि गिटारीची वायर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे पोचत नाही. म्हणून तुम्ही बाहेर, मी आत, मधे उघडं दार. एकमेकांना दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. तुमच्या प्रार्थनेतलं एक संथ गाणं होतं. मी वाजवायला लागलो आणि दोन ओळींतच बाहेरून हाक आली, "थांब. श्वास कुठे घेतलास?"

मला कळेना. गिटारीला कसला श्वास?

"क्लॅरोनेटवर काय करायचास? दम संपला की थांबायचास ना? इथे दम संपत नाही, म्हणून तू थांबतच नाहीस. ऐकणारा गुदमरतो. तीस-बत्तीस वर्षं मी माणसांचे श्वास मोजलेत, मला कळतं. फुंकल्यासारखं वाजव."

मी पुन्हा सुरुवात केली. आणि या खेपेला तोंड मिटून, ओठांमागे हवा धरून, क्लॅरोनेटवर घेतला असता तिथे तिथे खरोखर श्वास घेत गेलो. बाहेरून तुमच्या पायपेटीचा भाता ऐकू येत होता, पाय दाबला की बारीक कुरकुर, सोडला की उसासा. मी थांबतो तिथे तुमचा भाता भरतो आहे. तुम्ही दाबता तिथे माझी तार. मी डोळे मिटले आहेत, आणि खूप दिवसांनी, नगरात त्या ट्रकमधून उतरल्यापासून पहिल्यांदाच, मला असं वाटतं आहे की मी वाजवतो आहे. शिकत नाही, वाजवतो आहे. गाणं संपलं. मग दारात येऊन उभ्या राहिलात, चष्मा पदराने पुसत. "मला या वाद्यातून हेच ऐकायचं होतं. माझ्या बोटांतून ते निघत नव्हतं," एवढं म्हणालात आणि चहा गाळायला गेलात.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी झालं आणि खोळंबलेली लग्नं एकदम निघाली. मास्तर एके दिवशी माझ्या खोलीवर आले. नवा क्लॅरोनेटवाला पुण्याच्या कुठल्या ऑर्केस्ट्रात निघून गेला होता. "लगीन शेवगावला हाय, मोठ्ठं हाय. पुढं चाल धरायला कुनी न्हाई. तुजी ती तारंची फळी चालंल का रं?" लाऊडस्पीकरवाल्याकडे बॅटरीवर चालणारं यंत्र होतं, भोंगा होता. ते सगळं हातगाडीवर चढवायचं, मी गाडीच्या मागे चालत वाजवायचं. मी तुमच्याकडे धावत आलो. गिटार तुमची, आणि ती त्या स्वयंपाकघरातून कधी बाहेर पडली नव्हती. तुम्ही ती अभ्र्यात घातलीत, वरून तुमची शाल गुंडाळलीत. "ऊन लागू देऊ नकोस. आणि नखी दोन ठेव, एक हरवशीलच."

शेवगावची ती वरात आठवली की अजून घाम फुटतो. बाजारपेठेत अलोट गर्दी. मास्तरांनी काठी उचलली, मी पहिला सूर छेडला, आणि भोंग्यातून असा काही चीत्कार उठला की नवरदेवाचा घोडा दोन पायांवर उभा राहिला. नवरदेवाचं बाशिंग नाकावर आलं. कुणीतरी लगाम धरला, पोरं ओरडली, आणि नवरदेवाचा मामा गर्दी फोडत माझ्या अंगावर आला. "बंद करा ते! पोराला मारता का काय? ह्येच वाजवायचं असंल तर बँड माघारी न्या!" मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मागे सगळा बँड, लाल कोट घालून, वाद्यं हातात घेऊन उभा. दुष्काळानंतरचं पहिलं मोठं काम, आणि सगळ्यांची नजर माझ्यावर.

मी आधी यंत्राचा आवाज पुरता उतरवला. भोंग्याचं तोंड घोड्याकडून वळवून मागे केलं. मामांना म्हणालो, "एक कडवं ऐका. न्हाई आवडलं तर मी सोता गाडी ढकलत न्हेतो." आणि धावती चाल सोडून, बायका हळदीला म्हणतात तसली एक संथ चाल धरली. ओठांमागे हवा धरली. ओळ वाजवली, श्वास घेतला. त्या रिकाम्या जागेत आमच्या ढोलवाल्याने आपसूक एक थाप टाकली. पुढची ओळ, श्वास, थाप. गर्दी गप्प होत गेली. ओट्यावरच्या बायका ते गाणं ओळखून पुटपुटायला लागल्या. घोड्याने मान खाली घातली. तिसऱ्या कडव्याला मामाच मास्तरांना म्हणाले, "आता जरा जोरात घ्या की!" मास्तरांनी काठी उचलली आणि सगळा बँड माझ्यामागून उठला. वरात मारुतीच्या देवळापर्यंत गेली, तिथून मांडवात, आणि मांडवात गेल्यावरही लोक मला सोडेनात. परतीच्या वाटेवर मास्तरांनी मला ट्रकच्या पुढच्या केबिनमध्ये बसवलं. "काच वर घे," म्हणाले, "वारं लागंल."

पुढच्या रविवारी तुम्हाला हे सगळं सांगितलं. तुम्ही मधेच हात वर करून पहिला प्रश्न विचारलात, "घोड्याला लागलं नाही ना?" मग इतक्या हसलात की स्टुलाला धरून खाली बसावं लागलं. तुम्हाला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर दोन वर्षं गिटार आठवडाभर माझ्याकडे असायची आणि रविवारी माझ्याबरोबर तुमच्याकडे यायची. तुम्ही बाहेर, मी आत.

तुम्ही थंडीत गेलात, झोपेतच. शेजारणीने बँडच्या दुकानावर निरोप पाठवला. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो, कधी उठायचं, कधी बसायचं ते मला कळत नव्हतं, पुढच्या माणसाचं बघून करत होतो. बायको शेजारी पदर घेऊन बसली होती. पुण्याहून तुमचे भाचे आले होते, भले गृहस्थ. गिटार त्यांची होती आता. मी ती पुसली, तारा सैल केल्या, अभ्र्यात घातली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी आभार मानले. त्या दिवशी तुमच्या गल्लीतून बाहेर पडताना हात इतके हलके झाले होते की कुठे ठेवावेत समजेना. वर्षभराने मी जुन्या बाजारातून एक घेतली, काळी, दांडा जरा वाकलेला. तिच्यावरच पुढची तीस वर्षं काढली. लग्नं वाजवली, ऑर्केस्ट्रात वाजवलं, पोरांची शिक्षणं झाली. सावेडीतल्या या घराच्या विटा तारांवरच उभ्या आहेत म्हणा.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या गल्लीत आता नवी घरं आहेत, आणि कबरीपाशी जाऊन कागद वाचायचा मला संकोच वाटतो. राहील उशाखाली. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, जी मी मास्तरांनाही सांगितली नाही. तुम्ही गेल्यानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. एका सकाळी मी उन्हात बसून नव्या तारा चढवत होतो. बायको आतून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवो, तुमी शीळ वाजवताय!" माझ्या ध्यानातच नव्हतं. ओठ परत आले होते, कधी आले देव जाणे. मी मित्राचं क्लॅरोनेट आणून फुंकून पाहिलं. स्वच्छ, भरलेला सूर, पूर्वीसारखा. त्याच सुमाराला मास्तर म्हणाले होते, फुंक आली असंल तर पुन्ना ये पुढं. मी म्हणालो, नाही मास्तर, ओठात जोर नाही.

जोर होता, बाई. मी क्लॅरोनेट फार चांगलं वाजवायचो, आणि गिटार आयुष्यभर बरी वाजवली, त्याहून जास्त नाही. जाणकार लोक ते ओळखायचे. पण क्लॅरोनेट मला पुरतं येऊन गेलं होतं. गिटारीचं काहीतरी रोज अडायचं, आणि त्यासाठी सकाळी चपला घालून स्टुलावर बसावंसं वाटायचं. म्हणून खोटं बोललो. मी चांगला बरा झालो होतो.